हौसाबाई हयात आहे

वडगावला तहसील कचेरीच्या आवारात, स्टॅम्पवाल्याच्या टपरीच्या डाव्या हाताला, माझे टेबल गेली कित्येक वर्षे उभे आहे. मावळातल्या ज्या माणसाला सरकारशी काही बोलायचे असते, तो बहुधा आधी माझ्याशी बोलतो. वकील मंडळींना हे आवडत नाही. त्याला माझा इलाज नाही. माझी एक रीत आहे. अर्जदार समोर बसला आणि म्हणाला की मला पुढेमागे कोणी नाही, तर मी पेनाला टोपण लावते आणि विचारते, कोणी नाही म्हणजे काय? वारले, दूर आहेत, की बोलत नाहीत? या तीन निरनिराळ्या हकिकती आहेत आणि तिन्हींना निरनिराळी वाक्ये लागतात. लोक चिडतात. परवाच आंबीचा एक कारखान्यातला तरुण म्हणाला, "मावशी, तुमी अर्ज लिवता का पंचनामा करता?" दोन्ही करते, असे मी त्याला सांगितले आणि बापाचे नाव विचारले. ही रीत मला कोणत्याही शाळेने शिकवलेली नाही. शाळा मी सातवीत सोडली, किंवा शाळेने मला सोडले. त्या गोष्टीला दोन पक्ष आहेत आणि येथे मी माझा पक्ष मांडणार आहे.

लोणावळ्याला चर्चच्या मागे, बाजूच्या उतारावर एक लांबट बैठी इमारत होती. ज्यांचे आईबाप तुरुंगात आहेत अशा मुलांना तेथे ठेवून घेत. बाहेरचे लोक तिला आश्रम म्हणत, आम्ही मुले नुसते "घर" म्हणत असू. आम्ही अकरा जण होतो. छप्पर पत्र्याचे होते आणि धुके उतरले की त्याच्या पन्हाळीतून दिवसभर थेंब पडत राहत. खाली घाट होता. मालगाडी चढवायला मागून इंजिने लावत, आणि ती जोर घेऊ लागली की आमच्या फळीवरच्या जर्मनच्या थाळ्या एकमेकींना लागून किणकिणत. नवीन आलेले मूल त्या आवाजाने दचकून उठे आणि जुनी मुले त्याला सांगत की काही नाही, गाडी वर चालली आहे. सकाळी पाळकसाहेबांच्या घरातून बाजाच्या पेटीचे सूर येत. पाळकसाहेब म्हणजे चर्चचे धर्मगुरू. उंच, किंचित वाकलेले, कोणाशीही बोलताना चष्मा काढून हातात धरणारे. स्वयंपाकाला रूथमावशी होत्या. त्यांचा आवाज इतका मोठा होता की त्या प्रार्थना करत आहेत की कोणाला रागावत आहेत, हे आम्हांला शब्द ऐकल्याशिवाय कळत नसे.

आमच्या जेवणाविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पुढची हकिकत त्याला लागून आहे. मंडळीत, म्हणजे त्या चर्चच्या कुटुंबांत, एक चाल होती. घरात भात शिजत घालण्यापूर्वी बाई त्यातला एक मूठ तांदूळ बाजूच्या डब्यात टाकी. तो डबा आमच्या घराच्या मुलांचा. रविवारी उपासनेला येताना सगळ्याजणी आपापले डबे घेऊन येत आणि दाराशी ठेवलेल्या मोठ्या पिंपात रिते करत. रेल्वेच्या चाळीतल्या बायका, बंगल्यांची राखण करणाऱ्यांच्या बायका, दवाखान्यातली नर्स, सगळ्यांची मूठ त्यात पडे. कोणाची इंद्रायणी, कोणाचा आंबेमोहर, कोणाचा रेशनचा जाड तांदूळ. परिणाम असा की आमचा भात कधी एकसारखा शिजला नाही. इंद्रायणीचा लगदा होई आणि रेशनचा दाणा तरीही दाताखाली कचकन येई. रूथमावशींनी पाणी कमी केले, जास्त केले, झाकण दगडाने दाबले, पण काही उपयोग झाला नाही. आम्ही त्याला "मंडळीचा भात" म्हणत असू. मावळातल्या, भातखाचरात जन्मलेल्या पोरीला असा भात खाणे म्हणजे काय, हे मावळातल्याच वाचकाला कळेल. सणाला चिक्कीच्या दुकानातून चुऱ्याची पिशवी येई आणि तो चुरा आम्ही भातावरसुद्धा घालून पाहिला आहे.

मी तेथे दुसरीत असताना आले. आमचे गाव तळेगावच्या पलीकडे, आता जेथे कारखान्यांच्या भिंती झाल्या आहेत त्या अंगाला. वडील माझ्या लहानपणीच वारले होते. पुढे बांधावरच्या भांडणात आईच्या हातातल्या कोयत्याने माझा चुलता गेला. तो अंगावर आला होता, असे आई म्हणते. कोर्टाने ते मानले नाही. मी जागेवर नव्हते, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. ऐकीव मजकूर मी कोणाच्याच अर्जात घालत नाही, तर स्वतःच्या हकिकतीत कसा घालू? भावकीने मला ठेवून घेतले नाही एवढे मात्र मी पाहिले आहे. पाळकसाहेब तुरुंगात प्रार्थनेला जात असत, त्यांना आईने सांगितले आणि ते मला न्यायला स्वतः गावात आले. माझा धर्म बदला, असे त्यांनी मला कधी सांगितले नाही. माझ्या गळ्यातला तुळजाभवानीचा ताईत रूथमावशी आंघोळीच्या वेळी खुंटीला लावत आणि परत घालत.

शाळेत घालताना पाळकसाहेबांनी एक चूक केली, आणि ती केवळ दयाळूपणाने केली. आमच्या आधीच्या मुलांना शाळेत पोरे "चोराची, खुन्याची" म्हणून चिडवत, मधल्या सुट्टीत त्यांच्याशेजारी डबा खात नसत. म्हणून मंडळीच्या पंचांनी ठरवले की पुढे येणाऱ्या प्रत्येक मुलाला शाळेच्या रजिस्टरात अनाथ म्हणून लिहावे आणि पालक म्हणून पाळकसाहेबांची सही असावी. पाळकीणबाईंनी आम्हां सगळ्यांकडून तेवढे एक वाक्य पाठ करून घेतले होते: आम्हांला कोणी नाही. घरात मात्र आम्ही ते वाक्य पाळत नसू. घरात आमची भाषा तारीख, कलम, अपील आणि मुलाखत अशी होती. पुढे आलेला बंडू नावाचा सहा वर्षांचा मुलगा नवीन येणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगे की माझ्या बापाला दोन कलमं आहेत, तुझ्या आईला किती? हेडमास्तरांनी माझ्या प्रवेशाच्या दिवशी विचारले, "आई?" पाळकसाहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "नाही." हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. मी सात वर्षांची होते हे खरे आहे. पण मान माझीच होती.

महिन्यातून एकदा रूथमावशी मला गाडीने पुण्याला तुरुंगात आईच्या मुलाखतीला नेत. बेगडेवाडी गेली की मी खिडकी सोडून आत बसे, कारण त्याच्या आधी तळेगाव येऊन गेलेले असे आणि आमच्या डोंगराकडे पाहून झालेले असे. मुलाखतीच्या खोलीत मध्ये दुहेरी जाळी होती. पलीकडे दहा बायका, अलीकडे दहा घरे, आणि सगळे एकदम बोलत. त्यामुळे आमच्या मायलेकींचे सगळे बोलणे ओरडून झालेले आहे. सातवीत असताना, दिवाळीच्या आधीच्या मुलाखतीला, आई ओरडली नाही. जाळीला तोंड लावून हळू बोलली, म्हणून मला दोनदा ऐकावे लागले.

"द्वारके, तू मला मारलंस म्हनं."

मला काही कळेना. मग तिने सांगितले. चांगल्या वर्तनाने काही वर्षे काढली की कैद्याला थोड्या दिवसांची रजा मिळते. तिने पहिल्यांदाच अर्ज केला होता, मुलीला भेटायचे आहे म्हणून. चौकशी गावात गेली. भावकीने सांगितले की आमचा तिच्याशी संबंध नाही. मग शिपाई लोणावळ्याला शाळेत गेला. शाळेने रजिस्टर उघडून दाखवले. अहवाल असा आला की सदर बंदीस जवळचे नातेवाईक नाहीत, आणि ती जिला मुलगी म्हणते ती दाखल्याप्रमाणे अनाथ आहे. रजा नाकारली.

"कागदावर मी मेलीय," आई म्हणाली. "कुनी सांगितलं गं साळंत? तू?"

मी म्हणाले, "व्हय."

ती म्हणाली, की तिथल्या कचेरीतल्या बाई भल्या आहेत, महिन्याच्या आत कागद नीट झाला तर अर्ज पुन्हा वर पाठवू म्हणतात. "तुज्या डोस्क्याला एकदा तेल लावायचं हुतं. बाकी काय न्हाई." वेळ संपल्याची घंटा झाली.

महिना, एवढीच मुदत होती. लोणावळ्याला उतरल्यावर घरी न जाता सरळ पाळकसाहेबांकडे गेले आणि नोंद दुरुस्त करून द्या म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. एकट्याने ठरवण्याची ही गोष्ट नाही, पंचांपुढे ठेवू, असे ते म्हणाले. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत पंच बसले. त्यांच्यात ज्यांचा शब्द चाले ते म्हणजे गार्डसाहेब. मालगाडीचे निवृत्त गार्ड. पांढरी पँट, पॉलिश केलेले बूट आणि बोलण्याआधी घड्याळ पाहण्याची सवय. मला दारात उभे केले होते. गार्डसाहेबांनी शांतपणे समजावले की एका मुलीची नोंद खोटी निघाली, तर शाळा बाकी दहाही तपासणार. दुसरी कोणतीही शाळा या मुलांना घेत नाही. "घाटात एक डबा रुळावरून उतरला ना पोरी, तर मागचे दहा उतरतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझी सातवी होऊ दे, मग बघू."

मी विचारले की तोवर माझी आई मेलेलीच राहणार का? ते म्हणाले, "कागदावर."

"तिची रजापण कागदावरच हाय," मी म्हणाले.

गार्डसाहेब त्याच आठवड्यात बँकेत जाऊन आले होते. दर वर्षी त्या सुमारास पेन्शनवाल्यांना जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, आणि ते त्या दिवशी कोट घालून जात, हे आख्ख्या मंडळीला माहीत होते. मी त्यांना विचारले, "तुम्ही हयात आहात हे दर वर्षी बँकेत जाऊन दाखवता. माझ्या आईनं कुठं जाऊन दाखवायचं?" गार्डसाहेबांनी घड्याळ पाहिले आणि बैठक संपली म्हणाले. आज विचार करता त्यांचे म्हणणे चूक होते असे मी म्हणणार नाही. त्यांना अकरा मुले सांभाळायची होती. मला एक आई जिवंत करायची होती. या दोन कामांचा मेळ बसत नव्हता, आणि मी माझे काम निवडले.

भाताची कापणी झाली की मंडळीत कापणीचा सण असे. वेदीपुढे भोपळे, भाताच्या लोंब्या, केळीचे घड मांडत. एखादी कोंबडी पाय बांधून ठेवलेली असे आणि ती नेमकी प्रार्थनेत ओरडे. त्या दिवशी आम्ही अकरा मुले मुठीच्या तांदळाचे डबे घेऊन ओळीने पुढे जात असू. प्रत्येकाने डबा ठेवायचा, आपले नाव सांगायचे आणि "माझा सांभाळ करणाऱ्या मंडळीचे आभार" एवढे म्हणून बाजूला व्हायचे. पहिल्या रांगेत पाहुण्यांची खुर्ची असे, आणि शाळेने आम्हांला घेतले म्हणून दर वर्षी तीत हेडमास्तर बसत. हे मला ठाऊक होते. मी रागाच्या भरात बोलले, असे पुढे पुष्कळांनी म्हटले. ते खरे नाही. मी आठ दिवस वाक्ये जुळवत होते.

माझी पाळी आली. डबा ठेवला. मंडळीकडे तोंड न करता हेडमास्तरांकडे केले.

"माझं नाव द्वारका. माझी आई हौसाबाई. ती जिवंत आहे, पुण्याच्या तुरुंगात आहे. शाळेच्या रजिस्टरात ती नाही असं लिहिलंय, ते मला दुरुस्त करून पाहिजे. तांदळाबद्दल मंडळीचे आभार."

पेटी वाजवणाऱ्या बाईंचा हात सुरावरच राहिला. माझ्यामागे बंडू होता. त्याला वाटले असावे की या वर्षी म्हणायचे वाक्य बदलले आहे. त्याने डबा ठेवला आणि खणखणीत आवाजात सांगितले, "माझं नाव बंडू. मला बाप हाय. त्याला दोन कलमं हायत." मागच्या रांगेत कोणी हसले, मग कोणी हसले नाही. हेडमास्तर उठले. त्यांनी ना मला रागावले, ना पाळकसाहेबांना. जाताना दारात थांबून दोनच शब्द बोलले.

"लेखी द्या."

हे दोन शब्द मी त्यानंतर हजारो वेळा ऐकले आहेत. लोकांना वाटते, हे शब्द म्हणजे दार बंद. मी त्यांना सांगते की लेखी द्या म्हणणाऱ्याने आपला एक हात आधीच तुमच्या हातात दिलेला असतो. त्याच संध्याकाळी पाळकसाहेबांच्या टेबलावर, गीतांच्या वहीतला कोरा कागद फाडून, मी आयुष्यातला पहिला अर्ज लिहिला. मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन गरीब मुलीवर दया करावी, असे पाळकसाहेब सांगू लागले. मी ते लिहिले नाही. लिहिले ते असे: "विद्यार्थिनीची आई हौसाबाई ही हयात आहे. रजिस्टरातील नोंद चुकीची आहे. ती दुरुस्त करावी." पाळकसाहेबांनी कागद वाचला, बराच वेळ हातात धरला, आणि खाली स्वतःच्या अक्षरात जोडले की सदर चुकीची माहिती मी दिली होती, मुलीने नव्हे. सही केली. माझी हललेली मान त्यांनी त्यात घातली नाही. ती मी येथे घालत आहे.

शाळेने अर्ज ठेवून घेतला आणि कळवले की हयात पालकाने पंधरा दिवसांत समक्ष येऊन नोंदीपुढे सही अथवा अंगठा करावा, नाहीतर नाव कमी होईल. आई आल्याशिवाय नोंद होणार नाही, आणि नोंद झाल्याशिवाय आई येणार नाही. पाळकसाहेबांनी मग आमच्या अर्जाची नक्कल आपल्या सहीनिशी घेऊन स्वतः पुण्याला तुरुंगाच्या कचेरीत नेऊन दिली. तिकडून विचारणा आली की बंदीला रजेच्या काळात कोण ठेवून घेणार, जामीनदार कोण? मी लहान, मला सही चालत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पन्हाळीखाली आम्ही भांडी घासत असताना गार्डसाहेब कोट घालून आले. सणापासून ते माझ्याशी बोलले नव्हते. रूथमावशींना म्हणाले, "फॉर्म कुठाय? हिनं चारचौघांत आमची अब्रू घालवलीच आहे. उरलेली मी जामीन म्हणून लावतो."

गार्डसाहेबांची भीती खोटी ठरली नाही, हे मला लिहिले पाहिजे. शाळेने अकराही मुलांचे कागद नव्याने मागितले. आठ जणांचे आले. बंडूचे एक वर्ष बुडाले, आणखी एकाला आजोळी जावे लागले. माझी पंधरा दिवसांची मुदत आईची रजा मंजूर होण्यापूर्वीच संपली आणि माझ्या नावावर लाल शाईची रेघ पडली. पुढच्या जूनमध्ये पुन्हा बसता आले असते. मी बसले नाही. त्याची खंत कधीमधी होते, विशेषतः एखादा कोवळा वकील माझा मसुदा दोन बोटांनी उचलून हसतो तेव्हा. बंडूची खंत अधिक होते. पण तो आता लोणावळ्यात रिक्षा चालवतो, आणि भेटला की भाडे घेत नाही.

आई आली ती चालत, कापडी पिशवी काखेत धरून. मधली जाळी नसताना तिच्याशी किती मोठ्याने बोलायचे हे मला समजेना. आम्ही दोघी पहिला तासभर ओरडतच बोलत होतो. तिने तेल लावले. मग स्वयंपाकघरात मंडळीचा भात पाहिला, एक घास खाल्ला, आणि रूथमावशींना विचारले, "ताई, ह्यो कुनी रांधला?" रूथमावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आईने सूप मागितले, पिंपातले तांदूळ त्यावर घेतले आणि बोटाने तीन ढीग केले. ही इंद्रायनी, ह्यो आंबेमोर, ह्यो रेशनचा. रेशनचा आधी भिजवा, आधी टाका. इंद्रायनी मागनं सोडा, उकळी आल्यावर. त्या दुपारी त्या घरात पहिल्यांदा एकसारखा शिजलेला भात झाला. रूथमावशींनी चव घेतली आणि तिच्या पुढ्यात दुसरे सूप ठेवले.

रजेचा शेवटचा दिवस उरला तेव्हा आई म्हणाली, मला साळंत घेऊन चल. मी सांगितले की आता काही उपयोग नाही, नाव गेले आहे. ती म्हणाली, चल. आम्ही गेलो, गार्डसाहेब जामीनदार म्हणून चार पावले मागे चालत होते. हेडमास्तरांच्या दारात आईने पदर डोक्यावर घेतला, पण मान खाली घातली नाही.

"मी हौसा. हिची आई. बघून घ्या."

हेडमास्तरांनी रजिस्टर काढले, पान उघडले, लाल रेघ दाखवली. ते समजुतीच्या स्वरात म्हणाले की बाई, मुलीचं नाव कमी झालं आहे, आता या नोंदीला अर्थ नाही.

"तिच्या नावासाटी न्हाई आले सायेब," आई म्हणाली. "माज्या नावासाटी आले."

त्यांनी "अनाथ" हा शब्द खोडला, वर "आई हयात" असे लिहिले, आणि निळ्या शाईचे पॅड पुढे सरकवले. आईने अंगठा उमटवला, चांगला दाबून. हेडमास्तरांनी पुसायला फडके दिले. ते तिने घेतले नाही.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "वाटंत कुनी इचारलं तर दावता यील."

आणि बाजारपेठेतून, चिक्कीच्या दुकानांपुढून, ती अंगठा वर धरून चालत गेली.